वळणावरची हाक

पागेत त्याला सगळे रेडिओ म्हणत. सकाळी पहिलं दार उघडल्यापासून संध्याकाळची शेवटची कडी लागेपर्यंत त्याच्या तोंडाचा पट्टा चालू असे, आणि समोर ऐकणारं कुणी असायलाच हवं अशी त्याची मुळीच अट नव्हती. तो घोड्यांशी बोले, बादलीशी बोले, अडकलेल्या कडीशी भांडे आणि कुणीच नसलं तर स्वतःच्या उजव्या गुडघ्याची समजूत काढे. "दुखायचंय ना? दुख बाबा. पण आधी एवढा गवताचा भारा उचलू दे," असं गुडघ्याला सांगताना त्याला खुद्द मॅडमनी ऐकलं होतं. मॅडम म्हणजे त्या पागेच्या ट्रेनर. कुठला घोडा कुठल्या शर्यतीत पळणार आणि कुणाला पाठीवर घेऊन पळणार, हे त्या ठरवत.

रेडिओ मोतद्दार होता. घोड्याला खरारा करायचा, खूर कोरून साफ करायचे, चंदी द्यायची, पळून आला की अंग निवेपर्यंत फिरवायचा. घोडा जिंकला तर फोटोत लगाम धरून कडेला उभं राहायचं. फोटो छापताना कडेचा माणूस हमखास कापला जातो. घरी भिंतीवर असे दोन फोटो होते. त्यात घोडी होती, जॉकी होता, हार घातलेले मालक होते आणि एका बाजूनं आत आलेला एक हात होता. "तो हात माझा," असं तो पाहुण्यांना सांगे, आणि सांगताना इतका खूश असे की पाहुणे बिचारे हाताचंच कौतुक करत.

दोन्ही फोटोंतली घोडी एकच. कागदोपत्री तिचं नाव लांबलचक आणि भारदस्त होतं, पण ते लाउडस्पीकरवाला सोडून कुणी घेत नसे. अंगानं लहानखुरी, रंगानं भाजक्या विटेसारखी, कपाळावर पांढरा ठिपका. पागेत ती चिमणी. तिला आणलं तेव्हा ती माणसाला जवळ येऊ देत नव्हती. दाराशी कुणी आलं की पाठ फिरवून कोपऱ्यात तोंड खुपसून उभी राही. रेडिओनं काय केलं, तर दारात उलटी बादली टाकून तिच्यावर बसला आणि बोलत राहिला. घरी काय झालं, गुडघा काय म्हणतो, शेजारच्या मोतद्दाराची बायको कशी रागावून बसली, सगळं. आठवडाभरानं चिमणीनं एक कान त्याच्याकडे वळवला. मग दुसरा. मग एके दिवशी ती सगळीच वळली आणि त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवून उभी राहिली. त्या दिवशी तो घरी जाऊन रडला होता, पण ते त्यानं पागेत कुणाला सांगितलं नाही. त्याच्या आयुष्यात न सांगितलेली ही बहुधा एकच गोष्ट.

चिमणीचा फॉर्म कसा आहे, हे तो तिच्या चंदीच्या पाटीवरून ओळखे. पाटी चाटूनपुसून ठेवली असेल तर सगळं ठीक. कोपऱ्यात दाणे राहिले असतील तर पोटात काहीतरी खुपतंय. आणि पाटी पायानं उलटी केली असेल तर बाईसाहेब पळायला उतावीळ झाल्यात. मग तो तिच्या पायांच्या नळ्यांवरून तळवा फिरवून कुठं ऊब लागते का बघे, कातडीवरची चमक बघे, कानांचा नूर बघे. या सगळ्या परीक्षांत चिमणी नेहमीच पहिली. शर्यतीत मात्र ती सहावी येई, आठवी येई, एकदा तर शेवटून पहिली आली.

कारण सगळ्यांना पाठ होतं: चिमणीला मऊ जमीन लागते. दोन्हीदा जिंकली ती पावसानं मैदान भिजलेलं असताना, टापांखाली गवताची ढेकळं उडत असताना. कोरड्या मैदानावर ती शेवटच्या वळणापर्यंत झकास पळायची, अगदी पुढच्या घोड्यांच्या खांद्याला खांदा लावून, आणि वळणावर आली की तिच्या चालीतली हवाच जायची. "कडक जमीन टोचते तिला," जॉकी सांगत. मॅडमच्या फायलीतही तेच लिहिलेलं होतं, आणि शर्यतीच्या छापील पुस्तकातही तेच. रेडिओ तर हे इतक्यांदा बोलला होता की शेजारचा मोतद्दार त्याला पाहताच आधीच म्हणायचा, "हो हो, मऊ जमीन, मऊ जमीन. पुढं बोल."

त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली आणि मैदान ओट्यासारखं टणक झालं. चिमणी पळत राहिली आणि वळणावर विझत राहिली. शेवटी मालकांचा धीर सुटला. मॅडमनी रेडिओला बोलावून घेतलं आणि सरळच सांगितलं, "हंगामातली शेवटची शर्यत तिला देतोय. पहिल्या तिघांत आली तर राहील. नाहीतर मालक तिला लांबच्या मैदानावर विकतायत. ट्रकसुद्धा ठरवलाय."

"पण मॅडम, पाऊस पडला तर..."

"पडला तर चांगलंच. मी काय पाडू का?"

तेव्हापासून रेडिओचे डोळे आभाळाला चिकटले. जमीन मोजणारा माणूस टोकदार सळई घेऊन मैदानावर फिरायचा, जागोजागी ती गवतात दाबून किती आत जाते ते बघायचा. रेडिओ त्याच्या मागे मागे फिरे आणि ज्या जागी सळई आत जात नसे तिथं स्वतः टाच रुतवून बघे. टाच रुतायची नाही, गुडघा मात्र कुरकुरायचा. घरी त्याची बायको जॉकींचे रंगीबेरंगी रेशमी सदरे शिवायची, धुऊन गच्चीवर वाळत घालायची. ती म्हणाली, "अहो, साऱ्या गावात तुम्ही एकटेच पाऊस मागताय. माझे सदरे वाळू द्या की आधी." पण रात्री ताट वाढताना तिनंही खिडकीतून एकदा ढग दिसतोय का ते पाहिलं. तिला घोड्यांतलं काही कळत नसे. चिमणी गेली तर हा माणूस कसा होईल, हे मात्र तिला नीट कळत होतं.

इथं त्या वळणाची आणि रेडिओच्या हाकेची हकिगत सांगायला हवी. मैदानाभोवतीच्या कठड्याला शेवटच्या वळणावर एक फट होती. सकाळचा सराव संपला की घोडे त्या फटीतून बाहेर पडून पागेकडे येत. रेडिओ रोज तिथं गाजर घेऊन उभा असे. चिमणी भरधाव येताना दिसली की तो दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडे, "ये गं चिमणे, ये गं बाई, ये!" मग ती वेग उतरवी, फटीकडे वळे आणि गाजर घेई. शर्यतीच्या दिवशीही सगळे मोतद्दार त्याच फटीपाशी गर्दी करत, कारण तिथून शर्यत छान दिसे. प्रत्येक जण आपापल्या घोड्याच्या नावानं गळा फाडे, आणि त्यात रेडिओचा आवाज सगळ्यांच्या वर असे. फक्त पाऊस झाला की त्या फटीत गुडघाभर चिखल होई आणि मोतद्दारांना प्रेक्षकांच्या सज्ज्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हाकललं जाई. दोन्ही वेळा चिमणी जिंकली ती रेडिओनं पाहिलीच नव्हती. याचं त्याला फार वाईट वाटे.

वाचणाऱ्याच्या डोक्यात एव्हाना प्रकाश पडला असेल. पण रोज ज्या हाकेनं दिवस उजाडतो ती हाक कुणाला ऐकू येते? पागेत कुणालाच आली नाही.

शर्यत आठवड्यावर आली आणि रेडिओची दाढ ठणकायला लागली. दोन दिवस त्यानं दाढेचीही समजूत काढून पाहिली. शेवटी बायकोनं त्याला दंडाला धरून दवाखान्यात नेलं. दाढ निघाली. डॉक्टरांनी तिथं कापसाचा बोळा दाबला आणि म्हणाले, "उद्या दिवसभर तोंड उघडायचं नाही. एक शब्द नाही."

"वाढवून नाही का मिळणार थोडं, डॉक्टर?" बायकोनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओ डोक्यावरून हनुवटीखाली रुमाल बांधून, गाल टम्म सुजवून, गाजर घेऊन फटीपाशी उभा राहिला. चिमणीवर रोजचा सरावाचा स्वार होता. बुटका, पिकल्या केसांचा, एके काळचा जॉकी, ज्याला सगळे पावशेर म्हणत. चिमणी वळणावर आली. तिचे कान टवकारलेले रेडिओला दिसले. त्यानं गाजर उंच धरलं. आणि चिमणी त्याच्यासमोरून सणसणत निघून गेली. वळण मागं पडलं, सरळ पट्टा सुरू झाला, तरी ती पळतच होती. पावशेर लगाम खेचत ओरडत होता आणि रेडिओ तोंडात बोळा धरून नुसता बघत होता.

बऱ्याच वेळानं पावशेर तिला चालवत परत घेऊन आला. त्याची टोपी उडाली होती. "अरे, काय खायला घातलंस हिला? जमीन दगडासारखी आहे, आणि ही पुढच्या खांबापर्यंत थांबायला तयार नाही!"

रेडिओला बोलता येत नव्हतं. म्हणून त्याच्यावर विचार करण्याची वेळ आली. खरारा करता करता आधी तो रुसला. रुमालामुळे हिनं मला ओळखलं नाही, असं त्याला वाटलं. मग वाटलं, छे, ओळखलं तर होतं, कान कसे उभे होते! मग जमीन आठवली. सकाळी त्यानं स्वतः टाच मारून पाहिली होती, ओरखडासुद्धा उठला नव्हता. घोडं नेमकं कुठं पेंड खातंय, ते त्याला दुपारपर्यंत कळेना. दुपारी तो बादली उलटी टाकून दारात बसला, तेव्हा चिमणी आतल्या बाजूला गवत खात होती. सवयीनं त्यानं बोळ्यातूनच एक हुंकार दिला. तिचं खाणं तिथंच थांबलं. मान वर करून ती त्याच्याकडे बघत उभी राहिली, पुढं काय म्हणतोस, अशी. तोंडात गवताच्या काड्या तशाच.

रेडिओनं दुसरा हुंकार दिलाच नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला बोलायची परवानगी होती, तरी तो फटीपाशी गप्प उभा राहिला. चिमणी तशीच सुसाट गेली. त्याच्या पुढच्या दिवशी त्यानं हाक मारली. नेहमीची, दोन्ही हात तोंडाशी धरून. तिचा वेग त्याच क्षणी विरला. चार ढांगांत चालीवर आली, फटीकडे वळली आणि लाडानं गाजर शोधायला लागली. तो तिच्या मानेला मिठी मारून उभा राहिला. पावशेर वरून म्हणाला, "काय रे, काय झालं? बोल तरी!"

घरी आल्यावर त्यानं बायकोला सांगितलं. ती मशीनवर हिरव्या सदऱ्याला पिवळी बाही लावत होती. "जमीन बिमीन काही नाही गं. मीच आडवा येत होतो. प्रत्येक शर्यतीत मीच तिला हाक मारून थांबवली. आणि ती बिचारी... ती माझं ऐकत होती. जिंकायचं सोडून माझं ऐकत होती." त्याचे डोळे भरून आले. "आणि खरं सांगू? मी नसलो की ती जास्त चांगली पळते, याचंही मला वाईट वाटलं. असा मी माणूस."

बायकोनं मशीन थांबवलं. "आपल्या पोरीची शाळेतली शर्यत आठवते?"

त्याला आठवेना.

"पहिली होती ती. तुम्ही दोरीपाशी उभं राहून तिच्या नावानं अशी काही बोंब ठोकलीत, की ती मधेच थांबली, तुमच्याकडे बघून हात हलवला, आणि हसत उभी राहिली. शेवटून दुसरी आली. मग तुम्हीच रस्ताभर मला सांगत होतात, पोरीच्या बुटात खडा गेला असणार." ती हसली, मग त्याच्या सुजलेल्या गालाला हात लावून म्हणाली, "तुमच्या हाकेला थांबावंसंच वाटतं हो. त्याला तुम्ही काय करणार आणि ती काय करणार?"

मॅडमना सांगायला जाताना त्याचे पाय जड झाले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, फाईल उघडली, भिजलेल्या मैदानाच्या दोन ओळींवर बोट ठेवलं. मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "आणि मी इकडे ढगांची वाट बघतेय!" त्या रागावतील असं रेडिओला वाटलं होतं, पण त्या हसत सुटल्या आणि मग एकदम गंभीर झाल्या. "हे मालकांना पटणार नाही. ते फक्त निकाल बघतील. त्या दिवशी तुम्ही फटीपाशी गप्प उभं राहायचं, बास."

"नाही जमायचं, मॅडम. मला माझ्या तोंडाचा भरवसा नाही. ती समोर दिसली की निघून जाईल हाक. मी पागेतच थांबतो."

शर्यतीच्या दिवशी ऊन कडकडीत होतं. रेडिओनं चिमणीला असा खरारा केला की अंगात तोंड दिसावं. मग तिचा लगाम शेजारच्या मोतद्दाराच्या हातात दिला आणि म्हणाला, "तिच्या डाव्या बाजूनं चाल. आणि बोलू नकोस."

"हे मला तू सांगतोयस?" शेजारचा म्हणाला.

चिमणी जाताना सारखी मागं वळून बघत होती. रेडिओ दाराआड सरकला. तिच्या रिकाम्या जागेत, गवतावर, उलट्या बादलीवर तो बसून राहिला. बायको शिवणकामाची पिशवी घेऊन त्याच्या शेजारी येऊन बसली होती, बटणं लावायचं निमित्त करून. लाउडस्पीकरचा आवाज पत्र्यावरून घरंगळत येत होता. घोडे सुटले. लांबलचक भारदस्त नाव एकदा ऐकू आलं, चौथं. मग बराच वेळ आलंच नाही. रेडिओनं बायकोचा हात धरला. "वळणावर येत असतील आता," तो पुटपुटला, आणि दुसरा हात स्वतःच्या तोंडावर दाबून धरला. इतक्या लांबून तिला काय ऐकू जाणार होतं? तरीही धरला.

मग लाउडस्पीकरवाल्याचा आवाज चिरकला. ते नाव पुन्हा आलं, पुन्हा आलं, आणि शेवटी तेवढंच एक नाव तो ओरडत राहिला.

"जिंकली?" बायकोनं विचारलं.

रेडिओ मान हलवत होता, हो म्हणून की नाही म्हणून ते त्यालाच कळत नव्हतं. त्याला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती राहणार होती. त्याची पाठ फिरलेली असताना, त्याच्याशिवाय, ती स्वतःचं स्वतः जिंकून राहिली होती.

एवढ्यात लाउडस्पीकर पुन्हा खरखरला. या खेपेला आवाज गोंधळलेला होता. विजेत्या घोडीच्या मोतद्दारानं ताबडतोब वळणावरच्या फटीपाशी यावं, अशी विनंती होती. ताबडतोब.

तो गुडघा विसरून धावला. मैदानाच्या कडेनं, वाळलेल्या गवतावरून. बायको पिशवी सांभाळत मागून येत होती. फटीपाशी माणसांचं कोंडाळं झालं होतं. चिमणीनं शेजारच्या मोतद्दाराला लगामाला हात लावू दिला नव्हता. जिंकलेल्या घोड्याच्या जागेकडे तर ती फिरकलीच नव्हती. घामानं काळी पडलेली, नाकपुड्या फुललेल्या, ती सगळा सरळ पट्टा उलटा चालत वळणावर आली होती आणि त्या फटीसमोर, रोज तो जिथं उभा असतो त्या रिकाम्या जागेकडे बघत, दोन्ही कान टवकारून उभी होती.

"तुम्हीच का ते?" पाठीवरचा जॉकी रडकुंडीला येऊन म्हणाला. "मला काट्यावर वजन द्यायला जायचंय हो, नाहीतर जिंकलेली शर्यत बाद होईल. बोलवा हिला एकदा!"

मॅडम धापा टाकत पोचल्या. "मालक म्हणाले, ट्रक नको," एवढंच त्या म्हणाल्या.

रेडिओनं दोन्ही हात तोंडाशी नेले. आवाजच फुटेना. आयुष्यभर ज्या तोंडाला कधी कुलूप लागलं नाही, ते आता, बोलायचं तेव्हा, उघडेना. चिमणीनं त्याच्या लंगडत्या पावलांचा आवाज ओळखला असावा. तिनं मान वळवली. सावकाश फटीतून बाहेर आली आणि तिनं कपाळावरचा पांढरा ठिपका त्याच्या छातीवर टेकवला. त्याच्या खिशात गाजरही नव्हतं. ते आणायचं त्याला सुचलंच नव्हतं.

"बोला की," मागून बायको म्हणाली. तिचा आवाज भिजला होता. "आता थांबली तरी चालतंय."

"ये गं चिमणे," तो कसाबसा म्हणाला, "ये गं बाई," ती केव्हाची येऊन उभी होती तरी.